जाहिरात नव्हे, सांस्कृतिक उपक्रम

मी स्वतंत्रपणे काम करणारी चित्रकार आहे. तीन वर्षांपूर्वी कलाकार आणि ब्रँड यांची गाठ घालून देणाऱ्या एका संस्थेचा मला ईमेल आला. माझ्या पक्ष्यांच्या चित्रमालिकेचे त्यात नेमके, अभ्यासपूर्ण कौतुक होते आणि सोबत १९६९ साली चुपा चुप्स या लॉलीपॉपचे बोधचिन्ह करून देणाऱ्या चित्रकार साल्वादोर दालीचा व २००३ मध्ये लुई व्हिटॉन या फॅशन ब्रँडसाठी काम करणाऱ्या जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीचा दाखला होता. हे दाखले खरे आहेत, म्हणूनच गळाला लावायला सोयीचे. ब्रँडकडे जाण्याआधीच या दोघांचे नाव झालेले होते, एवढे मात्र मला तेव्हा सुचले नाही.

एका मोठ्या ब्रँडच्या पाठबळाने होणाऱ्या प्रदर्शनासाठी मी बारा चित्रे द्यायची होती. ही जाहिरात नसून सांस्कृतिक उपक्रम आहे, असे पहिल्या बैठकीपासून सांगितले गेले आणि त्याच आधारावर मानधन माझ्या नेहमीच्या दराच्या निम्म्यावर आणले गेले. मला ते पटले, किंबहुना आवडले. जाहिरातीचे काम करताना मनात थोडा संकोच बाळगणारी माझ्यासारखी माणसे ‘संस्कृती’ या शब्दाने फार लवकर विरघळतात.

करार चार पानांचा होता. रक्कम आणि तारखा मी नीट तपासल्या, पण हक्कांच्या कलमावरून नजर नुसतीच फिरवली. त्यात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द होते आणि त्या कलमाने वापराचा परवाना दिला जात नव्हता, तर मालकीच हस्तांतरित होत होती. परवान्यात चित्र आपलेच राहते, ते ठरावीक कामापुरते आणि ठरावीक काळापुरते वापरायला दिलेले असते. हस्तांतरणानंतर मात्र स्वतःचेच चित्र छापायला दुसऱ्याची परवानगी लागते. एवढे व्यापक कलम कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ‘हा आमचा नेहमीचा मसुदा आहे’ असे उत्तर मिळाले. जाहिरात करायचीच नसेल तर जाहिरातीचे हक्क कशाला हवेत, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

प्रदर्शन झाले, चांगले झाले. दोन महिन्यांनी तेच पक्षी वेष्टनांवर आणि जाहिरातफलकांवर दिसू लागले, माझ्या नावाशिवाय. मी ब्रँडला लिहिले, तेव्हा आपण सर्व हक्क त्या संस्थेकडून रीतसर विकत घेतल्याचे त्यांनी कळवले, आणि ते खरेही होते. माझा करार ब्रँडशी नव्हताच. मध्यस्थाने प्रदर्शनाच्या दराने घेतलेले काम जाहिरातीच्या दराने पुढे विकले होते. विक्रीतील वाट्याचे कलम होते, पण तो वाटा ‘निव्वळ उत्पन्ना’वर होता आणि त्यातून कोणते खर्च वजा करायचे हे संस्थाच ठरवणार असल्यामुळे बैठका, प्रवास आणि प्रसिद्धी यांचा खर्च जाता माझ्या वाट्याला शून्य आले. हिशेब तपासण्याचा हक्क मी मागून घेतलेला नव्हता.

वकिलांनी सांगितले की १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात १९२८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आर्थिक हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. काही देशांत मात्र तो लेखी सोडून देता येतो, आणि तशी एक ओळ शेवटच्या पानावर माझ्या सहीच्या जरा वर होती.

आता मध्यस्थ आला की ब्रँडने त्याला दिलेले अधिकारपत्र मी आधी मागते आणि वापराचे माध्यम, प्रदेश व मुदत वेगवेगळी लिहून घेते; प्रदर्शनाबाहेरच्या प्रत्येक वापराला स्वतंत्र मानधन लावते. यावर निम्मे लोक पुन्हा संपर्क करत नाहीत.

गेल्या महिन्यात एका प्रकाशकाने माझी नवी चित्रे परत पाठवली. हे पक्षी त्या ब्रँडच्या चित्रांची नक्कल वाटतात, असे त्याने अत्यंत सौजन्याने लिहिले होते.