हातात दोन राजे, बोर्डावर एक्का: बेट की चेक?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे तीन पत्तीचा फड उठला की पोकर सुरू होतो: प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मध्ये बोर्डावर सगळ्यांची मिळून पाच. चिप्सऐवजी चिंचोके. गेल्या दिवाळीत मी बटणावर (शेवटी बोलणाऱ्याच्या जागी) होतो आणि हातात दोन राजे. सहा चिंचोके टाकले, बिग ब्लाइंडवरच्या (पानं बघण्याआधीच ठरलेली बेट लावणाऱ्या) मेव्हण्याने तेवढेच टाकून कॉल केला, छोट्या ब्लाइंडचा एक धरून पॉट (मधली रास) झाला तेरा. फ्लॉप, म्हणजे बोर्डावरची पहिली तीन पानं, उघडला: किलवर एक्का, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. मेव्हणा चेक, म्हणजे काहीच न लावता थांबला. "बघू तरी, एक्का आहे का याच्याकडे" म्हणत मी फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं), तिन्हीकडे बेट लावली. तो निमूट कॉल करत राहिला आणि शेवटी एक्का-चौकी उघडून दाखवली. अर्धी वाटी चिंचोके गेले.

खरं तर यात नशिबाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. राजांची जोडी असताना फ्लॉपवर निदान एक एक्का येण्याची शक्यता २२.५ टक्के आहे. म्हणजे साडेचार डावांत एकदा हे होणारच. एक एक्का बोर्डावर आला की बाहेर तीन उरतात. समोरच्याकडे कुठलीही दोन पानं धरली, तर त्यात एक्का असण्याची शक्यता १२.५ टक्के. पण कॉल करणारा निवडक पानं घेऊनच बसतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून बराच वर जातो. तरीही एकास एक खेळात आपण बहुतेक वेळा पुढेच असतो. प्रश्न फक्त एवढाच, की मागे असलेल्याकडून पैसे कसे काढायचे.

पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे चारेक चिंचोक्यांची बेट लावली तर काय होतं? राणी-गुलाम, छक्की-पंजी पळतात. ज्यांच्याकडून भीती नव्हती, तेच. एक्का कुठेच जात नाही. अठ्ठ्यांची जोडी किंवा सत्तीवाला एकदा कॉल करतो, दुसऱ्या बेटला नाक मुरडतो. चेक केलं तर पॉट लहान राहतो, आणि समोरच्याला वाटतं की एक्का कुणाकडेच नाही. मग राणी-गुलामवाला टर्नवर थाप मारतो आणि अठ्ठ्यांना स्वतःची जोडी मोठी वाटू लागते.

"पण फुकट पान दिलं ना!" हा नेहमीचा आक्षेप. इथेच राजांची जोडी आणि गुलामांची जोडी शेजारी ठेवून बघा. राजांविरुद्ध अठ्ठ्यांना सुटायला दोनच पानं आहेत, दोन्ही पानं बघूनही जेमतेम ९ टक्के. आता हातात गुलाम आणि फ्लॉपवर राणी-सत्ती-दुर्री घ्या. समोर एक्का-राजा असेल तर त्याला सहा पानं लागू पडतात: टर्नवरच १३ टक्के, रिव्हरपर्यंत २५. इथे फुकट पान खरंच महाग पडतं, म्हणून गुलामांवर मी लहान बेट लावतो. राजांवर चेक. मोठी जोडी शांत आणि लहान जोडी आक्रमक, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

कोरड्या बोर्डावरचं (जिथे फ्लश किंवा सीक्वेन्स जुळायची आशा नसते) हे गणित ओल्या बोर्डावर चालत नाही. बदाम एक्का, बदाम नव्वी, किलवर अठ्ठी असा फ्लॉप आला की फ्लशवाले (बदामाची पाच पानं जुळवणारे) आणि सीक्वेन्सवाले दोघेही पान शोधत असतात. तिथे अर्ध्या पॉटची बेट लावावी. प्रीफ्लॉपला (फ्लॉपआधी) तीन-बेट, म्हणजे वाढवलेल्या बेटवर आणखी वाढ, झाली असेल तरही लहान बेट चांगली, कारण आपल्याकडे एक्के असतील असं समोरच्याला पटतं आणि दश्श्या-राण्यांच्या जोड्या एकदा तरी कॉल करतात. जो माणूस सत्ती धरून रिव्हरपर्यंत येतोच, त्याला तर चेक करून सूट देऊच नये. २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला, त्याचा एक फायदा असा की आता समोर माणूस दिसतो आणि त्याच्या सवयी लक्षात राहतात.

समोर तिघे असतील तर मात्र फार विचार नको. पानं कुठलीही धरली तरी तिघांत मिळून एखादा एक्का असण्याची शक्यता ३४ टक्क्यांवर जाते, आणि एक्का सहसा कुणी टाकत नाही. चेक करा, मोठी बेट आली तर सोडा.

आता मेव्हण्याच्या त्याच डावात चेक केलं असतं तर? टर्नवर त्याने तेरात सात लावले असते. माझे सात धरून पॉट सत्तावीस होतो, म्हणजे कॉलला जिंकण्याची साधारण २६ टक्के शक्यता पुरते, तेवढी राजांकडे असते, म्हणून कॉल. रिव्हरवर त्याने पुन्हा जोरात लावलं असतं तर राजे टाकून डाव सोडला असता, कारण मेव्हणा थापा मारत नाही. आणि टर्नलाही तो चेक राहिला असता, तर तिथे मी सहा-सात चिंचोके टाकले असते.