स्कीमाची (डेटाबेसच्या रचनेची) स्क्रिप्ट बायनरीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार फाइलीत घालावी, की वेगळी फाइल म्हणून सोबत द्यावी?

आधी ठरवायचं ते एवढंच, की टेबलं तयार करणारी स्क्रिप्ट चालवणार कोण? प्रोग्रॅम स्वतः चालवणार असेल, तर ती बिल्डच्या वेळीच, म्हणजे कोडपासून बायनरी तयार होतानाच, आत घालावी. डेटाबेस सांभाळणारा माणूस आधी वाचून, मग हाताने चालवणार असेल, तर ती बाहेरच बरी. तिथे आत घालून फायदा काही नाही, उलट एक शब्द बदलायला नवी बिल्ड काढावी लागते.

बाहेर ठेवलेल्या फाइलचं दुखणं ठरलेलं आहे. मार्ग सापेक्ष असतो, आणि प्रोग्रॅम सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालू झाला की चालू फोल्डर थेट रूट होतो. मग फाइल सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे बायनरी नवी आणि स्क्रिप्ट जुनी. यात एरर लगेच येत नाही, नसलेल्या कॉलमला पहिली क्वेरी जाते तेव्हा येते.

आत घालायचं म्हणजे एसक्यूएल कोडमध्ये चिकटवायचं असं मात्र नाही. मूळ डॉट एसक्यूएल फाइल तशीच राहू द्या, ती आत घेण्याचं काम बिल्डला करू द्या. गोमध्ये बॅकटिकच्या स्ट्रिंगमध्ये मायएसक्यूएलची स्क्रिप्ट टाकून पाहा: कॉलमच्या नावाभोवतीच बॅकटिक असतात, पहिल्याच नावाशी स्ट्रिंग संपते.

गोमध्ये १.१६ पासून एम्बेड पॅकेज आहे. एका कमेंटवजा ओळीत काम होतं, पण मार्गात दोन टिंबं चालत नाहीत; म्हणजे स्क्रिप्ट त्या पॅकेजच्या फोल्डरात किंवा त्याखालीच हवी. रस्टमध्ये इन्क्लूड-स्ट्र हा मॅक्रो एका फाइलला पुरतो. मायग्रेशन, म्हणजे रचनेत एकेक बदल करणाऱ्या स्क्रिप्ट, अनेक असतील तर एसक्यूएलएक्स या रस्टच्या डेटाबेस लायब्ररीचा मायग्रेट मॅक्रो सोयीचा. त्याची खोड अशी, की नवी मायग्रेशन टाकली आणि रस्टचा कोड बदललाच नाही, तर कार्गो (रस्टचं बिल्डचं साधन) पुन्हा कंपाइल करत नाही आणि नवी फाइल आत जातच नाही. बिल्ड स्क्रिप्टमध्ये मायग्रेशनच्या फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगणं हा उपाय.

सीमध्ये जुना मार्ग म्हणजे एक्सएक्सडी -आय ही कमांड. तो फाइलचा बाइट-अ‍ॅरे आणि लांबी देतो, पण स्ट्रिंग कुठे संपते ते सांगणारा शेवटचा शून्य बाइट देत नाही. तोच अ‍ॅरे एसक्यूलाइटच्या एक्झेक फंक्शनला दिला, तर ते स्क्रिप्टच्या पुढची मेमरीही वाचत सुटतं. कधी चालतं, कधी ‘सिंटॅक्स एरर’ येते, आणि माणूस उगाच एसक्यूएल तपासत बसतो. शून्य आपणच जोडावा. सी२३ या सीच्या नव्या आवृत्तीतलं हॅश-एम्बेड जास्त सुटसुटीत, कारण सफिक्स देऊन शून्य तिथेच जोडता येतो. मात्र कंपायलर किमान जीसीसी १५ किंवा क्लँग १९ हवा.

आता स्क्रिप्टच्या मजकुराबद्दल, कारण खरी पंचाईत बहुतेकदा इथेच होते. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटमधल्या बॅकस्लॅशच्या कमांड आणि मायएसक्यूएलचं डिलिमिटर हे सर्व्हरचं एसक्यूएल नव्हे, क्लायंटची भाषा आहे. कमांड लाइनवर बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट ड्रायव्हरमधून (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीतून) दिली की त्या ओळींवर अडते. डेटाबेसमधून काढलेला डंप जसाच्या तसा आत घालू नये, तो याचसाठी. अर्धविरामावर मजकूर तोडून एकेक वाक्य चालवायचा मोहही टाळावा. ट्रिगरच्या बिगिन आणि एंडमध्येही अर्धविराम असतात.

दुसरी बाब चेकसमची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या, मजकूर बदलला की बदलणाऱ्या आकड्याची. एसक्यूएलएक्स लागू झालेल्या मायग्रेशनचा चेकसम डेटाबेसमध्ये ठेवतो. विंडोजवर गिटने ओळींचे शेवट बदलले, की अक्षरही न बदलता फाइल ‘बदललेली’ ठरते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंगच्या फाइलीत एसक्यूएल फाइलींसाठी ओळीचा शेवट एलएफ असा ठरवून टाका, आणि हे पहिल्या बिल्डआधीच करा.

एसक्यूलाइट वापरणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला मायग्रेशनची लायब्ररी लागतेच असं नाही. डेटाबेसमध्येच राहणाऱ्या युजर-व्हर्जन प्राग्मामध्ये (एसक्यूलाइटच्या सेटिंगमध्ये) शेवटी चाललेल्या स्क्रिप्टचा आकडा ठेवा, डेटाबेस उघडताना तो वाचा, पुढच्या स्क्रिप्ट क्रमाने चालवा. प्रत्येक स्क्रिप्ट आणि तिचा आकडा वाढवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, नाहीतर मध्येच वीज गेली तर तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालते आणि ‘टेबल आधीच आहे’ म्हणून थांबते.