खुर्चीला दोन स्टार, नाटकाला साडेचार

गणपतीत येणारे चाकरमानी दरवेळी विचारतात की आपल्या हौशी मंडळाच्या थिएटरात जाण्यासारखं आहे का, म्हणून शनिवारी परत जाऊन आलो आणि आता एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी वाईट ते सांगतो. थिएटर म्हणजे जुना हॉल, वर पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या तीन रांगांत अर्धे संवाद पंख्यांच्या घरघरीत जातात. साडेसातचं नाटक सव्वाआठला सुरू झालं, तिसरी घंटा तर दोनदा वाजली. बाथरूमबद्दल बोलत नाही.

मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठान आहे जिथे नाथ पै एकांकिका स्पर्धा होते, तशी सोय इथे शोधायला जाऊ नका. पण मंडळाची पोरं दिवाळीच्या आधीपासून रोज रात्री नऊ ते बारा तिथे राबतात, का तर राज्य नाट्य स्पर्धा. १९५४ पासून सरकार ही हौशी लोकांची स्पर्धा घेतंय आणि कोकणातल्या किती जणांना नाटकाचं वेड यातूनच लागलं असेल, मोजता येणार नाही. तालीम बघायला कुणालाही बसू देतात. बसलात तर 'वस्त्रहरण', म्हणजे गावातल्या हौशी मंडळाच्या नाटकाची गंमत दाखवणारं गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, आठवणारच, गवाणकरांनी उगाच काय बनवून लिहिलं नव्हतं हे लगेच कळतं.

आता शनिवारचं सांगतो. दुसऱ्या अंकात बाप-मुलाचं भांडण रंगात आलेलं आणि लाईट गेली. मुलाचं काम करणारा पोरगा गप्पच, त्याचं पाठांतर पक्कं पण अंधार काय स्क्रिप्टमध्ये नव्हता. बाप झालेले काका एसटीत कंडक्टर, आणि कार्तिकापासून जत्रांमध्ये दशावतारात राजा करतात. काळोखातून त्यांचा आवाज आला, "बघ, बिल भरूक सांगलेलंय मां तुका?" हॉल नुसता फुटला! पुढची चार-पाच मिनिटं, कुणी मोबाईलचे टॉर्च लावेपर्यंत, त्यांनी पोराला प्रश्न विचार विचारून बोलतं केलं आणि बरोब्बर मूळ वाक्यावर आणून सोडलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात ना, कथा ठरते आणि मग ज्याने त्याने आपलं बोलायचं, तिथे रात्रभर उभा राहिलेला माणूस असल्या गोष्टीला काय घाबरतो. खरं सांगतो, मुंबईतल्या महागड्या तिकिटाच्या नाटकात पण मला एवढी मजा आली नव्हती.

स्पर्धेत परीक्षकांना अशी पदरची वाक्यं चालतील का ते काका जाणोत, दिग्दर्शक तर विंगेत डोकं धरून बसलेला मला स्वतः दिसला. नाटक थोडं लांबतं, शेवटचा प्रसंग दहा मिनिटं कापला तरी चाललं असतं. पडदे मात्र नवीन शिवलेत, मस्त.

जाणार असाल तर चौथ्या रांगेत मधल्या वाटेजवळ बसा, पंखा पण लागतो आणि ऐकू पण येतं. खुर्ची नसेल तर दारावरचे आजोबा सरळ सांगतात, "खुर्ची नाय गावली तर खाली बसा, पन मोबाईल बंद करा", त्यांच्याशी वाद घालू नका. आणि मध्यंतरातले बटाटेवडे पाच मिनिटांत संपतात, तेव्हा पहिला अंक संपायच्या आधीच घरच्या एकाला दाराजवळ बसवून ठेवा.