परवाना की प्रमाणपत्र?

अमेरिकेत व्यवसायाचा परवाना देणे हे मुख्यतः राज्यांचे काम आहे. केशकर्तन करणाऱ्याला जवळपास प्रत्येक राज्यात परवाना लागतो, मात्र मोटार दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बहुतेक राज्यांत लागत नाही. तो १९७२ पासून चालत आलेली एएसई ही ऐच्छिक परीक्षा देतो आणि तिच्या प्रमाणपत्राचे चिन्ह गॅरेजवर लावतो. ब्रेक निकामी होणे बिघडलेल्या केशरचनेपेक्षा नक्कीच गंभीर, तरी सक्ती मात्र कात्रीवर!

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये हाच भेद मांडला होता: प्रमाणपत्र ग्राहकाला माहिती देते, परवाना मात्र तो नसलेल्याला काम करण्यापासूनच रोखतो. परवाना मंडळांवर बहुधा त्याच धंद्यातले लोक बसतात आणि नव्या स्पर्धकांना अडवणे त्यांच्या फायद्याचे असते, हा स्वातंत्र्यवाद्यांचा (सरकारी हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्यांचा) आक्षेप मला बिनतोड वाटतो. टेक्सासमध्ये आफ्रिकन पद्धतीच्या वेण्या घालायला शिकवणाऱ्या संस्थेलाही न्हाव्याच्या खुर्च्या आणि बेसिन बसवणे बंधनकारक होते. वेणी घालायला बेसिन कशाला लागते, याचे समाधानकारक उत्तर राज्याला देता आले नाही आणि २०१५ मध्ये संघीय न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र माझे पारडे परवान्याकडे झुकते, कारण बेशुद्ध रुग्ण प्रमाणपत्रांची तुलना करत बसू शकत नाही. फ्रीडमन तिथेही परवान्याच्या विरोधात होते. ॲरिझोनाने २०१९ मध्ये मधला मार्ग काढला: परवाना कायम ठेवून, इतर राज्यांतून राहायला येणाऱ्यांच्या परवान्यांना मान्यता दिली.