आयएटीन-नेक्स्ट: गुळाच्या एका हंगामानंतर

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी आठवडाभर कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी वेबवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं. भाषांतरासाठी आत आयएटीन-नेक्स्ट आहे, म्हणजे ॲपमधला मजकूर हव्या त्या भाषेत दाखवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी. आता गुऱ्हाळं थंड झालीत, फोन कमी झालेत, म्हणून निवांत लिहितोय.

मालकांचा मुलगा स्क्रीन इंग्रजीत ठेवतो, दिवाणजी मराठीत. पण स्क्रीनवर काहीही असो, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मराठीतच निघायला हवी आणि गुजरातच्या व्यापाऱ्याचं बिल गुजरातीत. म्हणजे ॲपची भाषा वेगळी आणि हातातल्या कागदाची भाषा वेगळी. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला एक फजिती व्हावी लागली.

मी सोपी वाट धरली होती. कागद छापायच्या आधी चेंजलँग्वेज करून लायब्ररीची भाषाच बदलायची, छापून झालं की भाषा पूर्ववत. घरी एकट्याने टेस्ट करताना झकास चाललं. पहिल्या मोठ्या सौद्याच्या दिवशी दिवाणजींचा फोन, "अहो, माझी स्क्रीन मधनंच गुजराती व्हायला लागलीय, काय करणी केली का कुणी?" कागद सर्व्हरवर तयार होत होते आणि तिथे लायब्ररीचा एकच इन्स्टन्स, म्हणजे चालू असलेली एकच प्रत, सगळ्यांत मिळून. एकाच्या बिलासाठी भाषा फिरवली की त्याच क्षणी दुसऱ्याने मागवलेलं पानही त्या भाषेत. चूक सरळसरळ माझी.

यावरचा उतारा गेटफिक्स्डटी. त्याला भाषेचा कोड दिला की त्याच भाषेला बांधलेलं टी, म्हणजे भाषांतर काढून देणारं फंक्शन, हातात येतं आणि ॲपची भाषा जागची हलत नाही. एखादाच शब्द हवा असेल तर टीला एलएनजी हा ऑप्शन दिला तरी भागतं. फक्त त्या भाषेची फाइल आधी लोड झालेली पाहिजे, गेटफिक्स्डटी ती स्वतःहून आणत नाही. मी ते विसरलो, फॉलबॅकही, म्हणजे भाषांतर नसेल तेव्हाची पर्यायी भाषा, नीट लावलं नव्हतं, आणि एका बिलावर 'हमाली'च्या जागी नुसती 'की', म्हणजे भाषांतराच्या फाइलमधलं त्या शब्दाचं सांकेतिक नाव, छापून गेली. तेव्हापासून तिन्ही भाषा सर्व्हर सुरू होतानाच प्रीलोड करतो.

खरी मजा मराठीतच आहे. गुळाचा 'रवा' म्हणजे ढेप, हे यार्डात पोराटोरांना ठाऊक. गुजराती फाइलचा पहिला खर्डा मी मशीनकडून करून घेतला, तर तिने शिऱ्याचा रवा घातला! व्यापाऱ्याने हसून फोन केला म्हणून निभावलं. अनेकवचनासाठी कीला वन आणि अदर असे शेपूट लावायचे, त्यामुळे '१ रवा', '५ रवे' बिनबोभाट येतं. पण मी शहाणपणा करून 'रवे' या शब्दाला कोडमध्ये 'चा' जोडत होतो आणि पट्टीवर '५ रवेचा सौदा' उमटत होतं. सामान्यरूप कुठलीच लायब्ररी करून देत नाही. '५ रव्यांचा सौदा' हवं असेल तर अख्खं वाक्यच भाषांतराच्या फाइलमध्ये ठेवायचं, आकड्यापुरती जागा सोडून. इंग्रजीच्या सवयीने शब्दाला शब्द जोडत बसलात तर मराठी तुमची लाज काढणार.

आकडे जावास्क्रिप्टमधल्याच इंटल नंबरफॉरमॅटकडून सजवून घेतो. 'एमआर-आयएन' हा भारतातल्या मराठीचा कोड दिला की '१,२५,०००' असे देवनागरी अंक येतात, स्वल्पविरामही लाखाच्या हिशेबाने पडतात. हिंदीचा कोड दिला तर इंग्रजी अंकच येतात, हे मला नवीन होतं. दिवाणजी खूश. पण मी तोच सजवलेला आकडा पुढच्या बेरजेला वापरला आणि मजकुरातून आकडा वाचणाऱ्या पार्सफ्लोटने हातात नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', ठेवलं, कारण त्याला देवनागरी अंक वाचताच येत नाहीत. आता बेरीज कच्च्या आकड्यांवर, सजावट छापताना. सीए साहेबांच्या प्रतीसाठी कोडला 'यू-एनयू-लॅटन' जोडून इंग्रजी अंक काढतो.

तक्रार एकच. की सापडली नाही तर कीच छापली जाते, तीही गुपचूप. सेव्हमिसिंग चालू केलं की राहिलेल्या कीज हुडकता येतात, पण ते मुळात बंद असतं आणि मला त्याचा पत्ता जानेवारीत लागला. बाकी लायब्ररी फुकट आहे, एमआयटी लायसन्सची, आणि दुरुस्त्या केल्यावर हंगामभर एकदाही अडली नाही.

निपाणीकडच्या शेतकऱ्यांसाठी आता कन्नड पट्टी जोडायची आहे. खर्डा या खेपेला दिवाणजींच्या निपाणीच्या मेहुण्यांकडून करून घेतोय.