पाण्याचा थेंब जिरला, तिथेच कळायला हवं होतं

उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकसाठी बूट, काठ्या, जाड जॅकेट सगळं उसनं मिळालं. आतले कपडे तेवढे कुणाकडे मागता येत नाहीत, म्हणून ते विकत घ्यायला गेले आणि लोकरीच्या नावाखाली फसले. रक्कम फार मोठी नाही, दोन सेटचे मिळून ३,४०० रुपये. पण त्यापायी बर्फात एक अख्खी रात्र कुडकुडत काढली. थंडी पडली की असे सेल गावोगावच्या मंगल कार्यालयांत लागतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या सहा जणींत मीच जरा 'अभ्यासू'. आतला थर घाम बाहेर टाकणारा हवा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा, सुती बनियन अजिबात नको, हे सगळं वाचून ठेवलं होतं. मरिनो मेंढीच्या लोकरीचा आतला थर उत्तम, हेही. तिचा तंतू बहुधा १७ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, इतका बारीक की अंगाला टोचत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही. एवढं डोक्यात घेऊन मी नाशिकमधल्या त्या 'विंटर वेअर महासेल'मध्ये शिरले. विक्रेत्याने "या ताई, थर्मल बघा" एवढंच म्हटलं होतं. "मरिनो आहे का?" हे मी विचारलं. मरिनो हा शब्द तिथे आधी माझ्या तोंडून निघाला, त्याच्या नाही. तो लगेच म्हणाला, "ताई, तुम्हाला माहिती आहे म्हणून सांगतो, सगळ्यांना नाही दाखवत," आणि टेबलाखालून खोका काढला.

मग प्रयोग सुरू झाले. एका साध्या सुती कापडावर त्याने ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडला. तो हळूहळू पसरला. त्याच्या कापडावर सोडला, तर क्षणात गडप. "बघा, घाम असा ओढला जातो." नंतर चहाच्या थर्मासच्या तोंडावर कापड धरलं आणि वर काचेचा ग्लास उपडा ठेवला. ग्लासात वाफ धरली. "श्वास घेतं कापड." शेवटी दिव्याखाली पांढरं बनियन आणि त्याचा काळा थर्मल शेजारी ठेवून, कोरोनात घरोघरी आलेल्या त्या कपाळाच्या थर्मामीटरने दोन्हींचं तापमान दाखवलं. काळ्याचं चार अंशांनी जास्त. मी मान डोलावली. बँकेत एकवीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळणारी बाई मी, आणि दिव्याखाली काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं हे मला त्या वेळी सुचलं नाही. वाफ तर माझ्या साडीच्या पदरातूनही जाते.

खरी गंमत थेंबाची. ती परत आल्यावर कळली. सासूबाई माणदेशातल्या. त्यांच्याकडे धनगराकडून घेतलेली जुनी घोंगडी आहे. त्यांना मी तो प्रयोग सांगितला तर म्हणाल्या, "लोकरीत पाणी असं जिरलं असतं तर मेंढरामागं पावसात कोण घोंगडी घेऊन फिरलं असतं?" घोंगडीवर थेंब टाकला. मोत्यासारखा बसून राहिला. मग मी वाचायला बसले. लोकरीच्या तंतूवर वरून खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध थर. त्यामुळे पाण्याचा थेंब सहसा वर थांबतो. आत शिरते ती वाफ, आणि ती शोषली जाताना थोडी उष्णताही बाहेर पडते. काही मरिनो कपडे मशीनमध्ये धुता यावेत म्हणून प्रक्रिया करून हे खवले गुळगुळीत करतात, त्यांच्यावर थेंब लवकर पसरू शकतो. पण थेंब झटकन जिरणं हा लोकरीचा पुरावा कधीच नव्हे. विक्रेत्याने मला जो लोकर असल्याचा पुरावा म्हणून दाखवला, तो बहुधा नसल्याचा होता.

पॉलिएस्टरवर थेंब असा जिरवता येतो. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, तंतूच वेगळ्या आकाराचा काढायचा. गोल तंतूऐवजी बाजूंना पन्हाळी असलेला, म्हणजे घाम त्या पन्हाळ्यांतून वर सरकतो. हे कापडाच्या घडणीतच असतं, धुऊन जात नाही. दुसरा मार्ग, साध्या कापडावर पाणी ओढणारं रसायन चढवायचं. हा स्वस्त, आणि हलक्या मालात काही धुण्यांत उतरतो. स्टॉलवर मात्र दोन्ही कापडं सारखीच दिसतात, कारण ती कधीच धुतलेली नसतात. माझा सेट घरी चार वेळा धुतल्यावर थेंब त्याच्यावर दीड-दोन मिनिटं तसाच राहिला.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावाहून जुडा का तालाब या पहिल्या तळापर्यंतची चढण साधारण ६,४०० फुटांवरून ९,१०० फुटांवर नेते. पहिल्या दीड तासात मला भरपूर घाम आला. पाठीवर बॅगेखाली आणि ब्राच्या पट्टीभोवती कापड चिकटून बसलं आणि तसंच राहिलं. चालताना काही वाटलं नाही. तळावर पोहोचून थांबलो, ऊन डोंगराआड गेलं आणि अंग आतून गार पडायला लागलं. वरून जॅकेट चढवलं तरी थंडी आतूनच. दात वाजायला लागले तेव्हा आमच्याबरोबरच्या सांकरीच्याच मुलाने बाही दोन बोटांत चोळून पाहिली. त्याच्या घरी मेंढ्या आहेत, आई सूत कातते. "दीदी, ये ऊन नहीं है," म्हणजे ही लोकर नाही, एवढं बोलून त्याने मला तंबूत जाऊन ते काढायला लावलं. बॅगेत व्यायामाचा एक स्वस्त टी-शर्ट होता, कोरडा. तो घातला, पोटाशी गरम पाण्याची बाटली घेतली, तरी पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. दुसरा सेट होता, पण तोही तसलाच. पुढचे दिवस मी तो फक्त झोपताना, कोरड्या अंगावर घातला. माथ्यावर, १२,५०० फुटांवर, मी पोहोचले ती त्या टी-शर्टमध्ये.

घरी आल्यावर आतल्या शिवणीतून चार धागे काढले, आणि मुख्य कापडाचेही. नुसत्या शिवणीचा धागा जाळून उपयोग नाही, तो बहुधा पॉलिएस्टरच असतो. चिमट्यात धरून मेणबत्तीवर, खाली पाण्याची थाळी. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योतीबाहेर काढली की बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडते. माझ्या कापडाला कागद जळाल्याचा वास आला आणि टोकाला काळा कडक मणी तयार झाला. म्हणजे पॉलिएस्टर आणि सुती किंवा व्हिस्कोजची, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून काढलेल्या तंतूची, भेसळ. व्हिस्कोज पाणी धरून ठेवतं आणि सुकायला वेळ लावतं, तेव्हा पाठ का ओली राहिली हे उघड आहे. मग खात्रीसाठी एका वाटीत घरगुती ब्लीच घेऊन त्यात सासूबाईंच्या विणकामातला शुद्ध लोकरीचा तुकडा आणि माझ्या थर्मलचा तुकडा टाकला. खिडकी उघडी ठेवली होती. संध्याकाळपर्यंत लोकर विरघळून गेली. थर्मलचा रंग उडाला, पण तुकडा अख्खाच.

एवढं काही न जाळता स्टॉलवरच कळलं असतं, कपडा उलटा केला असता तर. ट्रेकच्या चांगल्या आतल्या थराच्या शिवणी बहुतेक फ्लॅटलॉक असतात. दोन कडा एकमेकींवर न चढवता सपाट जोडलेल्या, म्हणजे बॅगेच्या पट्ट्याखाली काचत नाहीत. माझ्यात साधं ओव्हरलॉक, आत जाड कड, आणि ती नेमकी खांद्यावर. पायजम्याच्या आसनात जोडाचा चौकोनी तुकडा नव्हता, त्यामुळे उंच पायरी चढताना मांडीला ओढ बसायची. आमच्या शिंप्याने दहा सेकंदांत हे सगळं दाखवलं आणि वर विचारलं, "वहिनी, उलटं करून बघितलं नव्हतंत?"

खोक्यावर ठळक लिहिलं होतं 'मरिनो टेक'. 'मरिनो लोकर' नव्हे. किती टक्के काय, हे खोक्यावरही नाही आणि मानेच्या लेबलावरही नाही. बिलावर 'थर्मल सेट २ नग', एक रबरी शिक्का, मोबाईल नंबर आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. माल सदोष निघाला तर हे वाक्य चालत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारप्रथेत मोडतं. पण नकार द्यायला तरी समोर कुणी हवं. नंबर बंद. यूपीआयवर नाव एका व्यक्तीचं, दुकानाचं नाही. कार्यालयाचे व्यवस्थापक म्हणाले, हॉल चार दिवसांसाठी दिला होता, रोख. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. बाई नीट बोलल्या, पण विक्रेत्याचा पत्ता विचारला आणि तिथेच गाडी अडली. शिवाय 'मरिनो' हा शब्द माझ्याजवळच्या एकाही कागदावर नाही. पैसे देण्याआधी मी "बिलावर १०० टक्के मरिनो असं लिहून द्या" म्हटलं असतं, तर त्याने काय केलं असतं हे पाहायला मला अजूनही आवडेल.

त्याच टेबलावर 'बांबूच्या' पँटीही होत्या, 'नैसर्गिक जंतुरोधक' म्हणून. मैत्रिणीने सहा घेतल्या. त्याचंही ऐकून ठेवा. बाजारातलं बांबूचं मऊ कापड बहुधा व्हिस्कोजच असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून पुन्हा तंतू काढतात. बांबूत जे काही जंतुरोधक असेल ते त्या रसायनांतून अंगापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत २०२२मध्ये असलाच माल बांबूचा म्हणून विकल्याबद्दल दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. आमच्या मैत्रिणीला पँटी आवडल्या आहेत, मऊ आहेत म्हणते. किमतीचं विचारलं की विषय बदलते.

माझे दोन्ही सेट मी टाकून देणार होते. पण ह्यांची बदली निफाडला आहे आणि जानेवारीत सकाळी सहाला स्कूटरवर निघावं लागतं. घाम येण्याचा प्रश्नच नाही. एक सेट त्यांनी चढवला, थोडा तोकडा होतो. "चांगली ऊब आहे की गं, उगाच नावं ठेवतेस," म्हणाले. मी डबा हातात दिला.