'आजच ठरवा, नाहीतर मुळं मरतील' : केसांच्या पॅकेजमध्ये माझा भाऊ कसा अडकला

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. पुण्यातल्या एका चकचकीत केसांच्या क्लिनिकने त्याच्या गळ्यात ८५,००० रुपयांचं पॅकेज मारलं, तेही त्याच्या नावावर कर्ज काढून. त्याला विचारून, त्याच्या संमतीनेच हे लिहिते आहे. क्लिनिकचं नाव देत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगात आहे. पण याच पद्धतीने पैसे काढणारी ठिकाणं शहरात आणखीही आहेत, म्हणून पद्धत नीट सांगते.

त्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. त्यातून तो बरा झाला, ऑफिसला जायला लागला, आणि दिवाळीच्या सुमारास केस अक्षरशः मुठीने गळायला लागले. उशीवर केस, बाथरूमच्या जाळीवर केस, लॅपटॉपच्या कीबोर्डवर केस. वाकडला त्याच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, म्हणून मित्रांनी त्याला शॉवर फिल्टर घ्यायला लावला. काकांनी हेल्मेटला दोष दिला. आजीने तेल पाठवलं. आणि नेमकं तेव्हाच घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. एका मुलीकडच्यांनी बायोडेटातला फोटो कधीचा आहे असं विचारलं आणि त्यानंतर तो टोपीशिवाय घराबाहेर पडेना. चुलत बहिणीच्या लग्नालाही आला नाही. मुलगे या गोष्टीबद्दल कुणाशी बोलत नाहीत. घरात बोललं तर 'एवढ्याशा गोष्टीसाठी काय' असं ऐकावं लागतं. असा मुलगा रात्री एकटा फोनवर उपाय शोधतो, आणि 'मोफत केस तपासणी'ची जाहिरात त्याच्यापर्यंत बरोब्बर पोचते.

क्लिनिकमध्ये त्याला आधी भेटली ती समुपदेशक म्हणवणारी मुलगी. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. तिने एक छोटा कॅमेरा त्याच्या डोक्यावर फिरवला आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर त्वचा दाखवली. कितीतरी पट मोठी करून दाखवली तर कुणाच्याही डोक्याची त्वचा भीतिदायक दिसते. मुळाशी तेलाचा थर दिसतो, कोंड्याचे कण दिसतात, कुठे एकाच छिद्रातून एक केस, कुठे तीन. तिने बोट ठेवून सांगितलं की ही मुळं गुदमरली आहेत, ही मेली आहेत, ही दोन महिन्यांत मरतील. मग शेजारी एका पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाचा फोटो ठेवला आणि म्हणाली, 'हे तुम्ही, पाच वर्षांनी.'

भावाने विचारलं की डॉक्टर कधी भेटतील. उत्तर आलं की डॉक्टर शनिवारी येतात, पण सवलत आजच्यापुरतीच आहे. पुढे एक गृहस्थ येऊन बसले, त्यांच्या नावाच्या पाटीवर 'ट्रायकोलॉजिस्ट', म्हणजे केसतज्ज्ञ, असं होतं. ही वैद्यकीय पदवी नाही. थोड्या मुदतीचा कोर्स करूनही ही पाटी लावता येते, आणि तेवढ्यावर कुणी रोगनिदान करू शकत नाही किंवा औषध लिहून देऊ शकत नाही. डेंग्यू झाला होता का, ताप आला होता का, वजन उतरलं का, घरात कुणाला टक्कल आहे, यातला एकही प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. माझ्या मते सगळी फसवणूक इथेच उघडी पडते. ज्यांनी आजार काय ते विचारलं नाही, त्यांनी उपचाराची किंमत मात्र ठरवली.

आता पैशांचं. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते, त्यामुळे हा भाग मला जास्त लागला. 'एकदम भरायची गरज नाही, बिनव्याजी हप्ते आहेत,' असं सांगून त्याचा फोन हातात घेतला गेला. आधार, पॅनचे फोटो काढले, दोन-तीन ओटीपी विचारून घेतले. त्याची समजूत अशी की दर महिन्याला क्लिनिकला पैसे जातील आणि जाणं बंद केलं की हप्ताही बंद होईल. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीने त्याच्या नावावर वैयक्तिक कर्ज मंजूर केलं, सगळी रक्कम एका फटक्यात क्लिनिकच्या खात्यात गेली, आणि हप्ते त्याच्या पगाराच्या खात्यातून सुरू झाले. क्लिनिकला पूर्ण पैसे आधीच मिळालेले. त्यानंतर त्याने यावं की न यावं, याने त्यांना काय फरक पडणार?

बिनव्याजी म्हणताना वर प्रोसेसिंग फी होतीच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते फीच्या रूपाने ग्राहकाच्याच माथी येतं. आणि मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी २०२२ पासून नियम आहेत. कर्ज देणाऱ्याने खर्चाचा सगळा तपशील एका पत्रकात द्यायचा, आणि सुरुवातीची थोडी मुदत द्यायची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा व्याजखर्च भरून कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ते पत्रक भावाच्या ईमेलमध्ये आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला धास्ती वाटून त्याने क्लिनिकला फोन केला, तेव्हा मात्र 'आता काही रद्द होत नाही' असं ठणकावून सांगितलं गेलं. हे साफ खोटं होतं.

उपचार काय, तर एक पिशवी. त्यात दोन बाटल्या, त्यांवर फक्त क्लिनिकचं नाव आणि 'सीरम १', 'सीरम २'. गोळ्या मूळ पाकिटातून काढून छोट्या प्लास्टिकच्या पुड्यांत भरलेल्या, वर 'सकाळ' आणि 'रात्र'. औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, बॅच नाही, मुदत संपण्याची तारीख नाही. शिवाय पीआरपीची सत्रं, म्हणजे हातातून रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचायचा. हा उपचार अस्तित्वात आहे, त्वचारोगतज्ज्ञही तो करतात, पण त्याचा परिणाम माणसागणिक बदलतो आणि खात्री कुणीच देऊ शकत नाही. इथे ती लेखी दिली होती, आणि दर वेळी टोचणारी व्यक्ती वेगळी.

रात्रीच्या गोळीनंतर त्याला धडधड व्हायला लागली, उठताना चक्कर यायची, पावलांवर सूज दिसली. क्लिनिकचं म्हणणं, 'औषध लागू पडतंय.'

आणि मग खरंच केस यायला लागले. कपाळाच्या वर, भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक नवीन केस दिसत होते. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. क्लिनिकने लगेच फोटो काढले. पहिल्या दिवशीचा फोटो ओल्या केसांचा होता, वरून दिवा मारून काढलेला. आताचा कोरड्या, फुगवलेल्या केसांचा, मान थोडी वर करून. हे फोटो जाहिरातीत वापरायची परवानगी मागितली आणि पुढचं पॅकेज समोर ठेवलं. कानशिलांजवळचे कोपरे भरायला २,५०० ग्राफ्टचं, म्हणजे मुळांसकट काढलेल्या केसांच्या पुंजक्यांचं रोपण, त्यासाठी नवीन कर्ज. तो कागद त्याने मला वाचायला पाठवला, तेव्हा हा सगळा प्रकार मला कळला.

मी त्याला सदाशिव पेठेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी आजारपणांचा इतिहास विचारला. डेंग्यू म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. मोठा ताप, शस्त्रक्रिया, जबर ताण किंवा झपाट्याने उतरलेलं वजन, यानंतर पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मुळं मेलेली नसतात. बहुतेकांचे केस साधारण सहा महिन्यांत गळायचे थांबतात आणि आपोआप परत येतात. तसेही आपले रोज ५० ते १०० केस गळतातच. म्हणजे जे केस डेंग्यूतून उठलेल्या शरीराने स्वतः परत आणले, त्यांचं बिल क्लिनिकने ८५,००० रुपये लावलं होतं.

त्या गोळ्या पाहून डॉक्टर म्हणाल्या, 'नावाशिवाय मी काहीच सांगू शकत नाही, आज बंद कर.' रक्तदाब मोजला, ईसीजी काढला. गोळ्या थांबवल्यावर सूज उतरली.

कानशिलांचं प्रकरण मात्र वेगळं होतं, आणि ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आमच्या बाबांना आणि मामांना टक्कल आहे. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचा संप्रेरक तयार होतो, आणि ज्यांच्या मुळांना त्याचं अनुवंशिक वावडं असतं त्यांचे केस हळूहळू बारीक होत जातात, आधी कोपरे, मग माथा. त्यात टँकरच्या पाण्याचा आणि हेल्मेटचा हात नाही. त्यावर नीट अभ्यासलेली औषधं मोजकीच आहेत. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल, जे मुळात रक्तदाबाचं औषध म्हणून आलं, आणि फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, जिला अमेरिकेत १९९७ साली टकलासाठी मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, फरक कळायला चार-सहा महिने जातात, आणि थांबवलं की मिळालेलं काही महिन्यांत निघून जातं. फिनास्टराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, ताठरपणाच्या तक्रारी येतात, काहींना उदासी येते, म्हणून ते सुरू करण्याआधी बोलणं व्हायला हवं. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये. नाव नसलेल्या पुडीतून हे कुणाला कसं कळणार? मिनॉक्सिडिलची बाटली औषधाच्या दुकानात काही शे रुपयांना मिळते. आणि काहीही न करता केस बारीक कापून राहणं हाही पूर्ण मार्ग आहे, हे डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून सांगितलं. ते ऐकताना त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

रोपणाबद्दल त्या ठाम होत्या. डोक्याच्या मागच्या भागातले केस काढून पुढे लावतात, आणि मागचा साठा मर्यादित असतो. एकदा काढलेली मुळं तिथे परत उगवत नाहीत. विशी-पंचविशीत गळती स्थिरावलेली नसताना पुढची रेषा भरली, तर तिच्यामागचे केस जात राहतात आणि मधे रिकामा पट्टा उरतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ही शस्त्रक्रिया आहे, ती प्लास्टिक सर्जन किंवा प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञांसारख्या रीतसर शिकलेल्या डॉक्टरांनीच करायची, व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेला बसून शिकून नाही. भावाने क्लिनिकला फोन करून 'शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांचा नोंदणी क्रमांक काय' एवढंच विचारलं. त्यानंतर त्यांचे रोज येणारे फोन बंद झाले.

कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. 'टक्कल बरं करतो', 'नवीन केस उगवतो' असा दावा करणारी बाटली दिसली, तर एवढं माहीत असू द्या की १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल आणि नवीन केस उगवणं ही दोन्ही नावं आहेत. त्या यादीतला आजार बरा करण्याचा दावा औषधावर करता येत नाही.

आम्ही आधी क्लिनिकला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर आलं की पावतीवर 'पैसे परत मिळणार नाहीत' असं छापलेलं आहे. पण सेवा सदोष असेल तर ती थांबवून पैसे परत करायला नकार देणं, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, पावतीवर तसं छापलेलं असलं तरी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. नाव नसलेल्या औषधांची वेगळी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे केली. बाटल्या, पुड्या, पावत्या, फोनवरचे मेसेज, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून हे जमलं.

जे आत्ता अशा कर्जात अडकले आहेत त्यांना एक विनंती. रागाच्या भरात हप्ता एकदम थांबवू नका. बुडीत हप्त्याची नोंद तुमच्या सिबिलवर होते आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला याल तेव्हा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर ती उघडते. आधी वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, सेवा मिळालेली नाही हे पुराव्यासह लिहा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. भावाचे हप्ते आम्ही भरतो आहोत, आणि ते परत मिळावेत अशी मागणी अर्जात स्वतंत्र कलमात लिहिली आहे.